गोव्याच्या हवेत ब्लाइंड टेस्टिंग

शेजारच्या राज्यांपेक्षा कर कमी असल्यामुळे गोव्यात वाइन स्वस्त मिळते, आणि पणजी-मडगावच्या हौशी मंडळींत बाटली झाकून वाइन ओळखायचा डाव बऱ्यापैकी रंगतो. डाव फसला की दोष जिभेला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा घोटाळा त्याआधीच झालेला असतो. रेड वाइन ३० अंशांच्या खोलीतल्या फळीवरून थेट ग्लासात आलेली असते, ग्लास पावसाळाभर कपाटात पालथे पडलेले असतात, आणि बाटलीच्या खांद्यांवरून निम्मं उत्तर सगळ्यांना कळलेलं असतं. जाणकार वाइन ओळखतात ती मोजमाप करून. आंबटपणा किती, तुरटपणा किती, अल्कोहोल किती, गोडवा किती, आणि या चार मापांत द्राक्षांच्या कुठल्या जाती बसत नाहीत ते बघून त्यांची नावं खोडत जायचं. मोजायचं म्हटलं की मोजण्याची परिस्थिती आधी सरळ करावी लागते, म्हणून सुरुवात तापमानापासून करतो.

रेडसाठी १६ ते १८ अंश, ओकच्या पिंपात मुरलेल्या व्हाइटसाठी १० ते १३, हलक्या व्हाइटसाठी ८ ते १०. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता, फोंड्यातल्या मे महिन्यासाठी नाही. २८ अंशांना अल्कोहोल आधी उडतं, नाकाला झोंबतं, आणि १३ टक्के अल्कोहोलची पिनो न्वार एखाद्या उष्ण मुलखातल्या जड शिराझसारखी वाटू लागते. चाखणारा प्रामाणिकपणे ‘उष्ण प्रदेश’ असं लिहितो आणि तिथून पुढचं सगळं उत्तर वाहवत जातं. उलट, फ्रीजमधून ४-५ अंशांना काढलेली व्हाइट वास जवळजवळ देतच नाही, आणि थंडीमुळे तिचा आंबटपणा टोकदार वाटतो. ३० अंशांची रेड फ्रीजमध्ये १७ पर्यंत उतरायला तासाहून अधिक वेळ लागतो. बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं घातलेल्या बादलीत तेच काम १०-१५ मिनिटांत होतं. नुसता बर्फ घालू नये. बाटलीला सगळीकडून टेकतं ते पाणी. अंदाजावर राहू नका, खाद्यपदार्थांत खुपसायचा साधा थर्मामीटर वापरा. ग्लासात ओतलेली व्हाइट आपल्या हवेत काही मिनिटांतच चार-पाच अंश चढते, म्हणून डावात सहा वाइन असतील तर सहाही ग्लास एकदम न भरता दोन-दोन भरावेत. वेळ सकाळी दहा-साडेदहाची उत्तम. हवा त्यातल्या त्यात थंड असते आणि नाक दिवसभराच्या वासांनी थकलेलं नसतं.

बाटली दुकानात किंवा गाडीच्या डिकीत तापलेली असेल तर बर्फाने ती सुधारत नाही. बूच काठाच्या वर सरकलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, रंग वयाच्या मानाने तपकिरी, फळाचा वास शिजवलेल्या जॅमसारखा, ही लक्षणं दिसली की ती बाटली डावातून काढावी. उष्णतेने वाइन अकाली म्हातारी होते. दोन वर्षांची वाइन सात वर्षांच्या वाइनसारखी लागली, तर साल ओळखणाऱ्याचा काही इलाज चालत नाही. ओतणाऱ्याने प्रत्येक बाटली आधी स्वतः चाखून घ्यायला हवी.

आता ग्लास. टेस्टिंगचा प्रमाणित ग्लास आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली ठरवला: २१५ मिलीचा, वर निमुळता होत जाणारा, आणि त्यात ५० मिली वाइन ओतायची. महाग ग्लासांची गरज नाही, पण सगळे ग्लास एकसारखे हवेत, कारण तोंडाची रुंदी बदलली की वासाची तीव्रता बदलते. पावसाळ्यात लाकडी कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासात कोंदट, बुरशीचा वास साठतो. खराब बुचामुळे वाइनला लागणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास याच्या अगदी जवळचा असतो. तो वास ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, म्हणजे टीसीए, या संयुगाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढासा टीसीए नाकाला पुरतो. मग चांगली वाइन ‘कॉर्क्ड’ ठरवून ओतून दिली जाते. पडताळणी सोपी आहे: रिकामा ग्लास हुंगा. वास रिकाम्या ग्लासात असेल तर दोष ग्लासाचा. ग्लास गरम पाण्याने, सुगंधी साबण न लावता धुवावेत, शेवटचं पाणी फिल्टरचं असावं (नळाच्या पाण्याचा क्लोरीन काचेवर राहतो), आणि ओतण्याआधी त्याच वाइनच्या १० मिलीने ग्लास विसळून ती वाइन टाकून द्यावी.

खोलीत अत्तर, मोगऱ्याचा गजरा, डासांसाठी हातावर लावलेलं मलम, डासांची अगरबत्ती यांतलं काहीही नको. शेजारच्या स्वयंपाकघरात बांगडे तळायला घेतले असतील तर डाव पुढे ढकलावा. मार्च ते मे या काळात सत्तरी-सांगेकडे काजूची दारू गाळायची भाटी जवळ असेल तर आणखी एक अडचण येते. आंबणाऱ्या बोंडूंच्या रसाच्या वासाला नाक लगेच सरावतं, आणि तशाच फळांच्या वासाच्या वाइनमधला तो वास मग जाणवतच नाही. वाइन मुकी वाटते, असते मात्र धडधाकट.

बाटली कागदी पिशवीत घालून भागत नाही. उतरत्या खांद्यांची बर्गंडी, ताठ खांद्यांची बोर्दो, उंच निमुळती रीझलिंगची, हे आकार पिशवीतूनही दिसतात. स्क्रू कॅप उघडल्याचा आवाजही बरंच सांगून जातो. डावात नसलेल्या तिसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत वाइन साध्या भांड्यांत ओतावी आणि ग्लासांना तीन आकडी क्रमांक द्यावेत: ४१७, ८३२ असे. १, २, ३ दिले की मनात नकळत क्रम तयार होतो. विसळायचे १० मिली धरले तर ७५० मिलीच्या बाटलीत हिशोबाने १२ ग्लास भरतात. तळाचा गाळ सोडला तर ११ धरावेत. आणि थुंकायला भांडं हवंच. न थुंकता सहा ग्लास संपवले तर ३०० मिली वाइन पोटात जाते, बाटलीचे दोन पंचमांश, आणि शेवटच्या दोन ग्लासांचं मोजमाप कुचकामी ठरतं. दोन वाइनच्या मध्ये साधा उंडो किंवा पाव आणि पाणी. रेडचा तुरटपणा नुसत्या पाण्याने धुतला जात नाही, तो साठत जातो, म्हणून दोन रेडमध्ये किमान मिनिटभर थांबावं. नाहीतर चौथी रेड उगाचच पहिल्या तिघींपेक्षा तुरट लागते.

रंगाला वीस सेकंद पुरेत. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून मधला रंग आणि काठाचा रंग बघायचा. व्हाइट वयाबरोबर गडद होत सोनेरी आणि मग तपकिरी होते. रेड फिकट होत जांभळ्याकडून माणिकरंगाकडे आणि शेवटी विटकरी रंगाकडे सरकते. काठ केशरी आणि रंग आरपार दिसेल इतका फिकट, अशी रेड असेल तर पिनो न्वार, नेबिओलो, ग्रनाश एवढीच दारं बहुधा उघडी राहतात. शाईसारखी दाट आणि काठापर्यंत जांभळी असेल तर माल्बेक किंवा तरुण शिराझ. काचेवरून ओघळणाऱ्या धारांवर फार विसंबू नये. त्यांतून अल्कोहोल आणि साखरेचा अंदाज येतो, पण ग्लास नीट धुतला नसला तरी त्या बदलतात.

नाकाचं काम दोन टप्प्यांत करावं. आधी ग्लास न हलवता हुंगायचं, मग फिरवून. पहिल्यांदा उडतात ते सर्वांत हलके वास, आणि दोषही तेव्हाच नीट कळतात. पेटलेल्या काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा गंधकी वास असेल तर ग्लास फिरवल्यावर तो कमी होतो. टीसीएचा वास हवा लागली की जास्तच जाणवतो. त्यामुळे दोघांत गल्लत होऊ नये. गंधकाची खात्री करायची असेल तर ग्लासात तांब्याचा स्वच्छ तुकडा मिनिटभर फिरवावा. वास गेला तर तो बहुधा हायड्रोजन सल्फाइड होता. ही वाइन नंतर प्यायची नाही, फक्त हुंगायची.

मग एक-एक रसायन शोधायचं. ही यादी पाठ असली की नाकाला दिशा मिळते. हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिनमुळे येतो, आणि तो आला की सोव्हिन्यों ब्लाँ, कॅबर्ने सोव्हिन्यों, कॅबर्ने फ्राँ या कुटुंबाबाहेर सहसा जावं लागत नाही. पिकलेल्या पेरूचा वास थायॉल्सचा, न्यूझीलंडच्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये भरपूर. रॉकेलसारखा वास टीडीएन या संयुगाचा. रीझलिंग जुनी होऊ लागली किंवा उन्हात पिकली की येतो. लिची आणि गुलाब एकत्र आले आणि वाइन आंबटपणाला कमी असेल तर गेव्युर्ट्सट्रामिनर. काळ्या मिरीचा वास रोटंडोनचा. शिराझमधला हा रेणू ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिला, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो जाणवतच नाही. आपण त्यांतले आहोत का हे आधी तपासून घ्यावं, कारण मिरीचा वास न आल्याने शिराझ खोडून टाकणं ही त्यांच्याकडून वारंवार होणारी चूक आहे. लोणी हे मॅलोलॅक्टिक आंबवणीतून (जिवाणू वाइनचं आम्ल मवाळ करतात ती) येणाऱ्या डायअ‍ॅसिटिलचं लक्षण, बहुतेकदा शार्दने. खोवलेला नारळ हा ओकमधल्या लॅक्टोनचा वास, अमेरिकन ओकमध्ये जास्त. फ्रेंच ओक लवंग आणि देवदारी लाकडाकडे झुकतो. मेथी आली तर सोटोलॉन, म्हणजे यीस्टच्या पापुद्र्याखाली मुरलेली फ्रान्सची व्हॅं जोन किंवा खूप जुनी, हवा लागलेली गोड वाइन. मेथीच्या दाण्यांना त्यांचा वास याच रेणूने मिळतो, तेव्हा आपल्या घरातलं नाक इथे युरोपीय नाकापेक्षा तयार असतं.

पण वासावरून ठरवू नये. नाक सुचवतं, पडताळा तोंडात होतो, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा.

साधारण १० मिली घोट घेऊन तो दहा सेकंद तोंडभर फिरवायचा, थोडी हवा आत ओढायची, मग थुंकायचं. आंबटपणा चवीवरून मोजू नये, लाळेवरून मोजावा. थुंकल्यावर मान थोडी खाली घालायची आणि गालांच्या आतून लाळ किती वेळ सुटत राहते ते बघायचं. गोडवा आंबट चव झाकतो, पण लाळेला तो फसवू शकत नाही. अर्धगोड रीझलिंग अनेकांना मवाळ वाटते ती याच कारणाने. लाळ मोजली की तिचा आंबटपणा किती आहे ते कळतं.

तुरटपणा हिरड्यांवर मोजायचा. जीभ वरच्या हिरडीवरून फिरवायची. ती अडखळते का, किती, आणि कुठे, हे नोंदवायचं. प्रमाण आणि पोत या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. फिकट रंगाच्या वाइनमध्ये तुरटपणा कमी असणार असं मन आधीच ठरवतं, आणि नेबिओलो तिथेच पकडली जाते: रंग पिनोसारखा आणि तुरटपणा कॅबर्नेपेक्षाही कडक, त्यावर भरपूर आंबटपणा. हे तिन्ही एकत्र आले की वासात गुलाब-डांबर सापडो न सापडो, नेबिओलो लिहावं. तिची सगळ्यात जवळची जोडीदार सांजोव्हेजे. तिच्यातही आंबटपणा आणि तुरटपणा वरचा, पण हिरड्यांवरची पकड थोडी सैल आणि फळ आंबट चेरीचं.

अल्कोहोल मोजायला एखादा छोटा घोट गिळावा लागतो. ऊब घशातच राहिली तर १२ च्या आसपास, छातीपर्यंत उतरली तर १४ किंवा वर. वाइन गार असेल तर ऊब कमी लागते, म्हणून पुन्हा एकदा थर्मामीटर.

ही चार मापं हातात आली की खोडाखोड सुरू होते. समजा व्हाइट आहे, लाळ खूप सुटते, ओक नाही, लोणी नाही, अल्कोहोल मध्यम. शार्दने आणि गेव्युर्ट्सट्रामिनर गेल्या. उरल्या रीझलिंग, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ. ढोबळी मिरची किंवा पेरू नाही, सोव्हिन्यों गेली. आता लिंबू, फुलं, रॉकेल असेल तर रीझलिंग. सफरचंद, मध, ओल्या लोकरीचा वास आणि तोंडात थोडा मेणचट भरीवपणा असेल तर शेनिन. पण शेनिनमध्ये आंबटपणा त्या मानाने कमी, वासात पिकलेली उष्ण प्रदेशातली फळं आणि शेवटी किंचित गोडवा असेल तर फ्रान्सच्या ल्वार खोऱ्याआधी नाशिकचा विचार करावा. तिथे ऑक्टोबरच्या आसपास छाटणी होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. ल्वारच्या लांब, थंड शरदात आंबटपणा टिकतो तसा तो इथे टिकत नाही.

गोव्यात दोन गोड वाइन डावात हमखास येतात. इथे पोर्ट म्हणून विकली जाणारी गोड लाल वाइन आणि पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट शेजारीशेजारी असतील तर गोडव्याकडे दुर्लक्ष करून घसा तपासावा. दोरूमध्ये आंबवण अर्ध्यावर थांबवतात ती ७७ टक्क्यांचा द्राक्षांचा स्पिरिट घालून. म्हणून तिथल्या पोर्टमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि १९ ते २२ टक्के अल्कोहोल दोन्ही असतात. गोड आहे पण घशात तेवढी आग नाही, तो ग्लास दोरूचा नाही. मदेरा, म्हणजे पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन, ओळखणं त्याहून सोपं: रंग तपकिरी, वास जळक्या साखरेचा, आणि त्या गोडव्याखाली कापून काढणारा आंबटपणा. पोर्तुगीज जहाजांतून उष्ण समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या वाटेने जाऊन परत आलेली मदेराची पिंपं अधिक चांगली लागतात, असं व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. आज तोच परिणाम टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवून, किंवा माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षं ठेवून साधतात. जिला उष्णतेनेच घडवलं तिला गोव्याची उष्णता फारसं काही करू शकत नाही, त्यामुळे नव्या गटाने सरावाला ती घ्यावी.

सगळं नीट करूनही मन फसवतं. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना एकच व्हाइट वाइन, एकदा तशीच आणि एकदा बिनवासाचा लाल रंग घालून दिली गेली. रंगवलेल्या ग्लासाचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना तीच वाइन एकाच फेरीत तीनदा दिली गेली, तेव्हा सुमारे दहा टक्केच परीक्षक आपल्या गुणांशी ठाम राहिले. यावरून हा सगळा प्रकार थोतांड आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. गुण देणं म्हणजे पसंती सांगणं. तुरटपणा कमी की जास्त हे सांगणं वेगळं काम आहे, आणि ते सरावाने पक्कं होतं. त्या दोन अभ्यासांतून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. अधूनमधून काळे ग्लास वापरा. रंग बघण्याआधी वास लिहून काढा. आणि पहिलं नाव सुचलं की ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून बाजूला ठेवा, नाहीतर पुढची प्रत्येक नोंद त्या नावाची वकिली करू लागते.

मोठ्या परीक्षांमध्येही तर्कालाच भाव आहे. मास्टर सोमेलिअर या वाइन निवडून वाढणाऱ्या जाणकारांच्या परीक्षेत २५ मिनिटांत सहा वाइन तोंडी सोडवायच्या असतात, म्हणजे प्रत्येकीला चार मिनिटं. मास्टर ऑफ वाइन या किताबाच्या परीक्षेत १२-१२ वाइनचे तीन पेपर, प्रत्येक सव्वादोन तासांचा, आणि नाव चुकलं तरी पुराव्याने मांडलेल्या तर्काला गुण मिळतात. भारतातून हा किताब पहिल्यांदा सोनल हॉलंड यांनी २०१६ साली मिळवला.

घरच्या सरावाला महाग बाटल्या लागत नाहीत. कुठलीही स्वस्त, बिनओकची, साधी व्हाइट घ्यावी आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बाकीचं आणावं. प्रत्येक ग्लासात ५० मिली वाइन. एकात ढोबळ्या मिरचीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा १५ मिनिटं, एकात चार ठेचलेले मिरीदाणे, एकात एक लवंग दहा मिनिटं, एकात चमचाभर ओलं खोबरं अर्धा तास, एकात अर्धा चमचा भाजून भरडलेली मेथी. नंतर सगळं गाळून घ्यायचं, नाहीतर वास इतका वाढतो की खऱ्या वाइनमध्ये तो कधीच तसा भेटत नाही. क्रमांक लावून, डोळे मिटून ओळखायचे.

त्याहून मोलाचा सराव चार मापांचा. १० ग्रॅम लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून १०० मिली करा, आणि ५० ग्रॅम साखरेचं तसंच. सुई काढलेल्या सिरिंजने पहिल्यातलं १ मिली ५० मिली वाइनमध्ये घातलं की आंबटपणा लिटरमागे २ ग्रॅमने वाढतो. दुसऱ्यातलं १ मिली घातलं की साखर १० ग्रॅमने. चार ग्लास करा: साधा, आंबट, गोड, आणि दोन्ही घातलेला. चौथा ग्लास चवीला साध्याच्या जवळ जातो, लाळ मात्र आंबट ग्लासाइतकीच सुटते. अल्कोहोलसाठी व्होडका. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असतं, तेव्हा २८ मिली व्होडकात पाणी घालून १०० मिली केलं की १२ टक्के, ३३ मिलीत घातलं की १४. तुरटपणासाठी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा: एक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलेला, दुसरा सहा मिनिटं, दोन्ही गार करून.

प्रगती खरी की नशिबाची हे बघायला तीन ग्लासांची चाचणी घ्यावी. दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा उत्तर बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर जाऊ नये. जागा बदलत सहा फेऱ्या कराव्यात. सहापैकी चार बरोबर आल्या तर ते दहातून एकदा नुसत्या नशिबानेही घडू शकतं; पाच आल्या तर फरक खरोखर कळतो असं धरायला हरकत नाही. सुरुवात शेनिन आणि सोव्हिन्योंपासून करावी. ते जमल्यावर दोन्हीकडे शेनिनच ठेवावी, एक नाशिकची आणि एक ल्वारची, दोन्ही १० अंशांना.